शिंपल्यांतून आलेलं विस्मरण : कॅनडा, १९८७

नोव्हेंबर १९८७च्या अखेरीस कॅनडातल्या क्युबेक आणि न्यू ब्रन्सविक प्रांतांत उलट्या, पोटात कळा, जुलाब अशी तक्रार घेऊन लोक दवाखान्यात येऊ लागले. सगळ्यांनी आदल्या एक-दोन दिवसांत शिंपले खाल्ले होते. मालवण-गोव्याकडे ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांचेच हे थंड पाण्यातले भाऊबंद. तिकडे ते वाफवून आवडीने खातात. शिंपले खाऊन पोट बिघडणं ही काही बातमी नव्हे. बातमी पुढे झाली. यातल्या काहींचं डोकं असह्य ठणकायला लागलं, काहींना भ्रम झाला, काहींना फिट्स आल्या, काही कोमात गेले. त्यातून सावरलेल्यांपैकी काहींच्या नवीन काहीच लक्षात राहीना.

पुढे मोजदाद झाली तेव्हा ठरवलेल्या व्याख्येत १०७ रोगी बसले. त्यातल्या ७६ टक्क्यांना उलट्या झाल्या होत्या, ४३ टक्क्यांना तीव्र डोकेदुखी होती आणि २५ टक्क्यांची अल्पकालीन स्मृती गेली होती. १९ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, १२ अतिदक्षता विभागात होते, तिघे दगावले. पोटाच्या तक्रारी २४ तासांच्या आत आणि मेंदूच्या साधारण ४८ तासांच्या आत दिसल्या.

साथीच्या दृष्टीने हा आकडा किरकोळच. तरीही मेंदू-विज्ञानात या प्रकरणाचं नाव निघतं, कारण एरवी कोणत्याही नीतिसमितीने परवानगी दिली नसती असा प्रयोग इथे अपघाताने माणसांवर झाला. मेंदूतला एक विशिष्ट रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं रासायनिक संदेशाने उघडणारं दार, वाजवीपेक्षा जास्त वेळ उघडा राहिला तर शिकण्या-आठवण्याचं काय होतं, हा तो प्रयोग. प्रयोगशाळेत तोवर उलटी बाजू तपासून झाली होती.

आधी शोधाची गोष्ट, कारण ती फार देखणी आहे.

सगळे शिंपले एकाच ठिकाणी येऊन मिळत होते : प्रिन्स एडवर्ड बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरची कार्डिगनजवळची खाडी. तिथे दोरांवर शिंपल्यांची शेती होते. अशा वेळी प्रयोगशाळा एक ठरलेली चाचणी करतात. शिंपल्यांचा अर्क उंदराला टोचायचा आणि बघायचं. लकवा आणणारं नेहमीचं शिंपला-विष असेल तर उंदीर ज्या तऱ्हेने मरतो ती माहीतगारांना पाठ असते. इथले उंदीर मेले, पण भलत्याच तऱ्हेने. मरण्याआधी ते मागच्या पायाने खांदा खाजवत राहिले, सतत, यंत्र लागल्यासारखे, आणि मग आचके देऊ लागले. चाचणी लकव्याच्या विषासाठी होती आणि तिने निराळंच काही पकडलं. कोणी ‘उंदीर मेला, विष आहे’ एवढंच लिहून मोकळं झालं असतं तर गाडी तिथेच अडली असती. खाजवण्याकडे लक्ष गेलं म्हणून पुढचं सुचलं.

हॅलिफॅक्सच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञांनी चांगल्या आणि विषारी शिंपल्यांचे अर्क शेजारी शेजारी ठेवून वेगवेगळ्या भागांत विभागायला सुरुवात केली. प्रत्येक भाग उंदराला टोचायचा, ज्यात खाजवणं दिसेल तो पुन्हा विभागायचा. अमिनो आम्लांवर निनहायड्रिन हे रसायन फवारलं की सहसा जांभळा डाग उठतो. विषारी अर्कात एक डाग पिवळा उठला. पिवळा म्हणजे प्रोलीन या अमिनो आम्लाच्या घडणीचं काहीतरी, हे रसायनाच्या विद्यार्थ्यालाही ओळखीचं. काम सुरू झाल्यापासून १०४ तासांत नाव हाती आलं : डोमोइक अ‍ॅसिड.

हे नाव नवं नव्हतं, आणि इथेच सगळे चक्रावले. १९५८ साली जपानमध्ये एका तांबड्या समुद्री शेवाळातून ते वेगळं काढलं गेलं होतं, आणि ते शेवाळ तिथे पोटातले जंत पाडायला देत. सुमारे २० मिलिग्रॅमची मात्रा घेऊन कोणाला काही झाल्याची नोंद नव्हती. मग जंताच्या औषधाने माणसं कशी मरतात? उत्तर मात्रेत होतं. उरलेल्या शिंपल्यांची तपासणी आणि कोणी किती खाल्ले याची चौकशी यावरून रोग्यांच्या पोटात ६० ते २९० मिलिग्रॅमपर्यंत डोमोइक अ‍ॅसिड गेलं असावं असा अंदाज निघाला. शिजवल्याने ते जात नाही.

ते शिंपल्यांत आलं कुठून, हेही लवकरच कळलं. विषारी शिंपल्यांच्या पचनग्रंथी हिरव्यागार प्लवकांनी भरलेल्या होत्या. त्या खाडीत त्या हिवाळ्याच्या तोंडावर एका सुईसारख्या डायटमचं, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळाचं, उदंड पीक आलं होतं. आज त्याचं नाव स्यूडो-निट्‌शिया मल्टिसिरीज. डायटम माणसाला बाधेल असं विष बनवू शकतो हे तोवर कोणाच्या डोक्यातही नव्हतं. शिंपला पाणी गाळून खातो, त्यामुळे डायटममधलं सगळं त्याच्यात साठत गेलं. त्याला स्वतःला काही झालं नाही.

आता मूळ मुद्दा. या रेणूने स्मृतीच का पकडली?

डोमोइक अ‍ॅसिडची घडण ग्लुटामेटशी मिळतीजुळती आहे. ग्लुटामेट हा मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेशवाहक. एका चेतापेशीच्या टोकातून तो सुटतो, पलीकडच्या पेशीच्या रिसेप्टरवर बसतो, रिसेप्टर उघडतो, विद्युतभारित कण आत शिरतात. हे रिसेप्टर एका जातीचे नाहीत. त्यांना जागं करणाऱ्या रसायनांवरून त्यांची नावं पडली : अ‍ॅम्पा, कायनेट आणि एनएमडीए. यातलं कायनिक अ‍ॅसिडही जपानी समुद्री शेवाळातलंच, तेही जंतांचंच औषध, आणि डोमोइक त्याचं सख्खं भावंड. भावंडांत डोमोइक जास्त जोरकस.

अ‍ॅम्पा रिसेप्टर सरळ आहे. ग्लुटामेट आला की उघडतो, सोडियम आत घेतो, क्षणात मिटतो. एनएमडीए तसा नाही. त्याच्या वाटेत मॅग्नेशियमचा कण बूच मारून बसलेला असतो; हे १९८४मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. नुसता ग्लुटामेट येऊन भागत नाही. पलीकडची पेशी त्याच वेळी बऱ्यापैकी उत्तेजित झालेली असली तरच मॅग्नेशियम हटतो. बँकेच्या लॉकरसारखा हा प्रकार आहे : एक किल्ली बँकेची, एक तुमची, दोन्ही एकाच वेळी लागल्या तरच उघडणार. म्हणूनच हा रिसेप्टर ‘या दोन गोष्टी एकत्र घडल्या’ एवढंच ओळखतो, आणि शिकणं म्हणजे बव्हंशी तेच तर असतं. तो उघडला की थोडंसं कॅल्शियम आत येतं, थोडा वेळ, त्या एका जोडणीपुरतं. त्याने काही एन्झाइम जागे होतात, जोडणीवर आणखी अ‍ॅम्पा रिसेप्टर आणून बसवले जातात, आणि पुढच्या वेळी तोच संदेश जास्त जोरात पोचतो. जोडणी अशी टिकाऊ बळकट होते हे ब्लिस आणि लोमो यांनी १९७३मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या नव्या आठवणी बनवणाऱ्या भागात, दाखवलं होतं.

याचा स्मृतीशी खरोखरच संबंध आहे का, याची कसोटी कॅनडातल्या प्रकरणाच्या जेमतेम वर्षभर आधी लागली होती. रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये उंदरांच्या मेंदूत एपी-५ नावाचं, एनएमडीए रिसेप्टर अडवणारं द्रव्य पंपाने सोडलं आणि त्यांना गढूळ पाण्याच्या हौदात पोहायला लावलं. पाण्याखाली एक चौथरा दडवलेला. साधे उंदीर चार-सहा फेऱ्यांत त्याची जागा शिकतात. एपी-५वाले पोहत राहिले, पण जागा त्यांना शिकता येईना. गंमत म्हणजे दोन दिसणाऱ्या वस्तूंमधला फरक ओळखायला ते नेहमीसारखेच शिकले. म्हणजे डोळे शाबूत, पोहणं शाबूत, सगळं शिकणंही बंद नाही. हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असलेलं शिकणं तेवढं बंद.

तर रिसेप्टर अडवला की स्मृती बनत नाही, हे १९८६ला माहीत होतं. यावरून भोळा माणूस असा हिशोब करील की रिसेप्टर जास्त उघडला तर स्मृती जास्त बनेल. स्मरणशक्ती वाढवण्याच्या गोळ्या विकणारे आजही मनातल्या मनात हाच हिशोब करत असतात. १९८७ने हा हिशोब माणसांवरच खोटा ठरवला.

डोमोइक अ‍ॅसिड रिसेप्टरवर बसतं तेव्हा काय वेगळं घडतं ते बघा. ग्लुटामेट आपलं काम करून निघून जातो. आजूबाजूच्या पेशी त्याला लगोलग शोषून घेतात. डोमोइकसाठी ती सोय नाही. शिवाय ग्लुटामेटपुढे जे रिसेप्टर क्षणात थकून मिटतात ते डोमोइकपुढे तितकेसे मिटत नाहीत. कायनेट आणि अ‍ॅम्पा रिसेप्टर उघडे राहतात, सोडियम आत येत राहतं, पेशी उत्तेजित राहते. त्या उत्तेजनेने एनएमडीएवरचं मॅग्नेशियम हटतं. दुसरीकडे चेतापेशींच्या टोकांवरही कायनेट रिसेप्टर असतात. ते जागे झाले की खरा ग्लुटामेटही बाहेर सांडतो. आता एनएमडीए उघडण्याच्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, आणि तेही शिकण्यासारखं काहीच घडलेलं नसताना. जे कॅल्शियम थोडंसं, थोडा वेळ, एका जागी यायचं ते लोंढ्याने सगळ्या पेशीत शिरतं. त्याच कॅल्शियमने पेशीतली प्रथिनं तोडणारे एन्झाइम चेकाळतात, ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात, पेशी मरते. जॉन ओल्नी यांनी १९६९मध्ये उंदरांच्या पिल्लांना मोनोसोडियम ग्लुटामेट देऊन अशाच मरणाचं वर्णन केलं होतं. (इथे चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोची आठवण होणारच. पोटातून जाणारा ग्लुटामेट बहुतेक आतड्यातच वापरला जातो आणि रक्तातला मेंदूत सहजी शिरत नाही. गाडीला या प्रकरणात गोवू नये.)

लोंढा सगळ्या मेंदूत सारखा येत नाही. हिप्पोकॅम्पसचा सीए-३ नावाचा पट्टा कायनेट रिसेप्टरांनी गच्च भरलेला असतो, आणि तिथल्या पेशी एकमेकींना उलट संदेश पाठवून उत्तेजन फिरतं ठेवतात. अर्धवट खुणेवरून पूर्ण आठवण उभी करायला ही रचना उपयोगी पडते असं मानलं जातं. फिट पसरायलाही तीच रचना उत्तम.

दगावलेल्यांपैकी चौघांच्या मेंदूची तपासणी झाली. (पहिल्या अहवालात मृत्यू ३ आहेत, एक रोगी नंतर गेला.) चेतापेशी मेल्या होत्या त्या मुख्यतः हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या, भावनांशी निगडित अमिग्डालात. प्रयोगशाळेत प्राण्यांना कायनिक अ‍ॅसिड टोचल्यावर जो नकाशा दिसतो, हा जवळजवळ तसाच होता.

जिवंत राहिलेल्यांपैकी मज्जासंस्थेच्या तक्रारी उरलेल्या १४ जणांना मॉन्ट्रियलमध्ये बारकाईने तपासलं गेलं. मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्येच ब्रेंडा मिल्नर काम करत. हेन्री मोलेसन या रोग्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग १९५३च्या शस्त्रक्रियेत काढला गेला आणि त्याची नवीन आठवणी बनवण्याची क्षमता संपली, हे त्यांनीच जगाला दाखवून दिलं होतं. त्यामुळे इथल्या लोकांना काय विचारायचं ते नेमकं ठाऊक होतं. १४पैकी १२ जणांत नवीन आठवणी बनण्यात मोठा बिघाड सापडला. बुद्धी, भाषा, तर्क त्या मानाने शाबूत. ज्यांचा आजार सर्वांत गंभीर होता त्यांना घटनेच्या आधीच्या काही वर्षांतलंही आठवत नव्हतं. चौघांचं पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदू कुठे किती ग्लुकोज वापरतो हे दाखवणारी तपासणी, झालं. मेंदूच्या दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्याच परिसरात, ग्लुकोजचा वापर घटलेला होता. डॉक्टरांना अल्झायमर आणि दारूने होणारं कोर्साकॉफचं विस्मरण दोन्ही माहीत होतं. हे त्या दोन्हींत बसेना.

११ जणांच्या हातापायांच्या चेतांनाही इजा झाली होती. स्मृतीच्या गोष्टीत ही बाजू नेहमी वगळली जाते. विषाने फक्त स्मृतीचं केंद्र हुडकून काढलं असं लिहायला छान वाटतं, पण ते पुरतं खरं नाही.

उपचारांतून एक गोष्ट दिसली. फिट्ससाठी सर्रास दिलं जाणारं फेनिटॉइन इथे चालेना. डायझेपाम आणि फेनोबार्बिटालने फिट्स आटोक्यात आल्या. ही दोन्ही औषधं मेंदूतला शांत करणारा संदेश, गाबा, बळकट करतात. यावरून फार मोठा सिद्धांत मांडू नये, तरी उत्तेजक रिसेप्टरांचा दंगा मोडायला विरुद्ध बाजूचे रिसेप्टर उभे करावे लागले, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

सगळ्या १०७ जणांत एकाची कहाणी फार पुढे गेली. ८४ वर्षांचे एक गृहस्थ. शिंपले खाल्ल्यावर मळमळ, उलट्या, भ्रम, कोमा, आणि थांबता न थांबणाऱ्या फिट्स. त्यातून ते वाचले, फिट्स बंद झाल्या, स्मृती मात्र अधू राहिली. आठ महिन्यांनी मेंदूचा विद्युत आलेख (ईईजी) काढला तर तो सरळसाधा आला. इथे कोणीही प्रकरण मिटलं असंच म्हटलं असतं. पण आजारानंतर वर्षाच्या सुमारास त्यांना पुन्हा फिट्स येऊ लागल्या, या वेळी टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाकडच्या मेंदूभागाच्या, अपस्माराच्या. आलेखात दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे ठिणग्या दिसत, डावीकडून जास्त. एमआरआयमध्ये दोन्ही हिप्पोकॅम्पस सुकलेले. विषबाधेनंतर सव्वातीन वर्षांनी ते न्यूमोनियाने गेले आणि शवविच्छेदनात दोन्ही हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशींच्या जागी वण सापडला.

हे प्रकरण १९९५मध्ये प्रसिद्ध झालं. माझ्या मते संपूर्ण साथीतला सर्वांत मोलाचा पुरावा हाच. अपस्माराच्या डॉक्टरांत जुना वाद होता : हिप्पोकॅम्पसमधला वण फिट्सचं कारण की फिट्सचा परिणाम? इथे सुरुवात ठाऊक होती, तारखेसकट. रिसेप्टर अति उघडले, पेशी मेल्या, वर्षभर शांतता, मग अपस्मार. त्या शांत वर्षात उरलेल्या चेतापेशींनी तुटलेल्या जोडण्या नव्याने, भलत्याच ठिकाणी जोडल्या असाव्यात असं प्राण्यांवरच्या कायनिक अ‍ॅसिडच्या प्रयोगांवरून वाटतं. नव्या जोडण्या करण्याची जी ताकद शिकायला लागते, तिनेच हेही केलं असणार. अर्थात सुरुवातीच्या दीर्घ फिट्सनीही पेशी मारल्या असतील. विषाचा वाटा किती आणि फिट्सचा किती, हे एका माणसाच्या मेंदूवरून वेगळं काढता येत नाही.

म्हाताऱ्यांनाच जास्त का बाधलं? वय जितकं जास्त तितका स्मृतीला फटका जास्त, आणि पुरुषांत अधिक, असं आकडे सांगतात. डोमोइक अ‍ॅसिड मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर जातं. वयाबरोबर मूत्रपिंडांची गाळण मंदावते, मधुमेह असेल तर आणखी. एकाच टेबलावर, एकाच भांड्यातले शिंपले खाल्लेल्या तरुणाला जुलाबावर भागलं आणि म्हाताऱ्याची आठवण गेली, याचं निदान एक कारण मेंदूत नसून कमरेत आहे.

कॅनडाने मग मर्यादा घातली : शिंपल्याच्या दर ग्रॅम मांसात २० मायक्रोग्रॅम. जगात बहुतेक ठिकाणी हीच रेघ चालते आणि १९८७सारखी साथ माणसांत पुन्हा आलेली नाही. प्राण्यांना मर्यादा कोण घालणार? १९९८मध्ये कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर ४००हून जास्त समुद्रसिंह मेले. त्यांनी खाल्लेल्या अँकोव्ही माशांत हेच विष होतं. २०१५च्या एका अभ्यासात वाचलेल्या समुद्रसिंहांचे एमआरआय काढून त्यांना अन्न कुठे ठेवलंय ते लक्षात ठेवण्याच्या परीक्षा दिल्या. हिप्पोकॅम्पसची इजा जितकी जास्त तितके ते जागा विसरत. समुद्रात शिकार कुठे मिळते हे विसरणाऱ्या प्राण्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

आता प्रश्न २० मायक्रोग्रॅमच्या खालचा आहे. ही रेघ एका जेवणाने होणारी विषबाधा टाळायला आखलेली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरचे मूलनिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या रेझर क्लॅम नावाचे शिंपले खातात, आणि त्या शिंपल्यांत डोमोइक अ‍ॅसिड महिनोन्‌महिने टिकून राहतं. तिथल्या पाहण्यांत, महिन्याला १५पेक्षा जास्त शिंपले खाणाऱ्या प्रौढांची काही स्मृतिचाचण्यांतली कामगिरी जराशी खाली आढळली. रोजच्या कामात अडावं इतकी नाही. उंदरांना हेच विष फार कमी मात्रेत महिनोन्‌महिने देऊन पाहिलं तेव्हा त्यांचं शिकणं मंदावलं, पण मेलेल्या पेशी काही सापडल्या नाहीत; आणि मात्रा थांबवल्यावर काही आठवड्यांत ते पुन्हा पूर्ववत शिकू लागले.